वकिलीच्या फीचा सत्कार

सुनील कानडेला जन्मात पहिल्यांदा कुणी 'जरा हळू बोला' म्हणालं ते तालुक्याच्या कोर्टात, आणि म्हणणारे साक्षात जज्जसाहेब होते.

आता हळू बोलायचं तर सुनीलनं खायचं काय? मंचरपासून जुन्नरपर्यंत लग्न असो, साखरपुडा असो, दशक्रिया असो नाहीतर बैलगाड्यांची शर्यत, माईकवर निवेदक म्हणून सुनीलच. खोडदला त्या आकाशातलं ऐकणाऱ्या मोठाल्या तबकड्या आहेत ना, त्यांना लग्नसराईत तारे कमी आणि सुनीलच जास्त ऐकू येत असेल, असं लोक म्हणायचे. हे कौतुक होतं की काय होतं ते सुनीलनं कधी तपासलं नाही.

कोर्टात तो साक्षीला गेला होता. एका लग्नात नवरीच्या अंगावर काय काय सोनं घातलं ते त्यानं माईकवर वाचून दाखवलं होतं, आणि लग्न मोडल्यावर दोन्ही बाजूंकडे तेवढाच एक पुरावा उरला होता. तर तिथं त्यानं काय पाहिलं? काळ्या कोटातला एक माणूस उभा राहिला, तोंडातल्या तोंडात चार वाक्यं पुटपुटला, शेजारच्यालासुद्धा ऐकू गेलं नाही, आणि बाहेर आल्यावर पक्षकारानं त्याला हात जोडून वर पैसे दिले. सुनील हबकलाच. त्याला आजवर लोकांनी दिलं काय, तर शाल आणि नारळ. पाकीट मिळालं तर मिळालं. घरातल्या लोखंडी पेटीत शाली मावत नव्हत्या, आणि नारळांपायी वृषालीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, भाजीत खोबरं घालायचं बंदच केलं होतं. बघूनच मळमळायचं म्हणे तिला.

घरी येता येता जीपमध्येच त्यानं ठरवलं, आपण वकील व्हायचं.

वयाची चव्वेचाळिशी, डोक्याला टक्कल, बी.ए.चं सर्टिफिकेट कुठल्या तरी गोणीत. पण गड्यानं प्रवेश परीक्षा दिली. दोन मंगलाष्टकांच्या मध्ये पुस्तक वाचायचा. एकदा तर वऱ्हाडी मंडळींना 'सदर इसमांनी भोजनास बसावं' असं सांगून बसला. आणि पास झाला! निकाल घरी सांगितला. वृषालीनं गॅस बंद केला आणि पुन्हा एकदा विचारलं. आबांनी, म्हणजे सुनीलच्या वडिलांनी, चिमाजीआबांनी, चष्मा पुसून मोबाइल हातात घेतला आणि हा दुसरा कुणी सुनील असंल, नीट बघ, असं म्हणाले.

पुण्याच्या एका कॉलेजात जागा मिळाली. फीचा आकडा कळल्यावर मात्र सुनील खाली बसला. निम्मी फी सोमवारपर्यंत भरायची, नाहीतर जागा पुढच्या पोराला. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मिळालेली जागा पंचेचाळिसाव्याला मिळेलच, याची खात्री देणारा कुणी नव्हता.

पहिली धाव बँकेत. खिडकीपलीकडे अक्षदा मॅडम होत्या, सुनीलच्या निम्म्या वयाच्या, पण बोलायला फार गोड. शैक्षणिक कर्ज म्हटल्यावर त्यांनी सुनीलच्या मागं वाकून बघितलं आणि विद्यार्थी कुठंय, असं विचारलं. सुनील म्हणाला, मीच. मॅडम हसल्या. सुनील हसला नाही, तेव्हा त्यांचंही हसू गेलं.

मग विचारपूस सुरू झाली. पदवीनंतर शिक्षणात खंड पडलाय, त्या काळात काय करत होतात ते स्टॅम्पपेपरवर लिहून द्यावं लागेल म्हणाल्या. सुनील म्हणाला, लग्नं. मॅडमनी विचारलं, किती? सुनील म्हणाला, मोजली नाहीत, पण सीझनला एका दिवसात तीन तीन व्हायची. मॅडमनी हळूच पेन खाली ठेवलं. हा घोटाळा निस्तरेपर्यंत मागची रांग दारापर्यंत गेली, आणि रांगेतल्या दोघांनी तर सुनीलला तिथंच पुढच्या तारखा विचारून घेतल्या.

एवढं करून शेवटी मॅडम म्हणाल्या, पालकांना घेऊन या, सही लागते.

चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला, भर बँकेत, ओळखीच्या चार लोकांदेखत, पालकांना घेऊन या! सुनीलचे कान लाल झाले. पण गरज त्याला होती. दुसऱ्या दिवशी तो चिमाजीआबांना धुतलेली टोपी घालून घेऊन गेला. आबांना वाटलं, शाळेसारखंच काही तरी आहे. त्यांनी खुर्चीवर बसल्या बसल्या मॅडमना सांगून टाकलं की पोरगं वाईट न्हाई, पण लहानपणापास्नं गणितात कच्चं हाय, तुमी जरा ध्यान द्या. मॅडमनी आबांचं आधारकार्ड बघितलं आणि फार हळहळल्या. विद्यार्थ्याचं वय जास्त होतं ते एक वेळ चाललं असतं, पण पालकाचं वय त्याहून जास्त निघालं. आता पालक विद्यार्थ्यापेक्षा लहान आणायचा कुठून? सुनील आबांना घेऊन चहा पिऊन परत आला. आबा दिवसभर विचारत होते, मंग, घेतलं का रं वर्गात?

गावात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. जो तो सल्ला द्यायला लागला. कुणी म्हणालं वकिली नको, पंचर काढायचं शिक, हायवेला तोटा नाही. कुणी लेण्याद्रीला जाऊन गणपतीला नवस बोलायला सांगितलं, आणि सगळ्या पायऱ्या चढल्यावर फीपेक्षा गुडघ्याचा खर्च मोठा होईल हेही त्यानंच सांगितलं. पण सुनीलला पटला तो सल्ला रमणलाल शेठचा. कळंबला हायवेलगत शेठचं कापडाचं दुकान. तीन पिढ्यांपासून इथलेच, बोलण्यात मारवाडाचा लवलेश नाही, आणि सुनीलवर जीव.

शेठनं त्याला गादीवर बसवलं. मदत मागू नकोस, म्हणाले. मागणाऱ्याला कुणी देत नाही. पण सत्काराला रिकाम्या हातानं येतंय का कुणी? तू सत्कार करून घे. लोक पाकिटं घेऊन येतील. फी भरून वर कोटाचं कापड निघेल.

सुनील थक्क झाला. आयुष्यभर दुसऱ्यांचे सत्कार केले, स्वतःचा सुचला नाही! त्याच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली नाही, की पंचक्रोशीत सत्काराच्या शाली आणि फेटे विकणारं दुकान एकच होतं, आणि तो त्याच दुकानात बसला होता. शेठच्या मनात पाप नव्हतं बरं का. माणूस खराच दयाळू. पण धंद्यात मुरलेल्या माणसाची दयासुद्धा दुकानाच्या वाटेनंच चालते, त्याला तो तरी काय करणार.

सत्कार ठरला रविवारी. अध्यक्ष गेणभाऊ. हे मारुतीच्या देवस्थान समितीचे अध्यक्ष, आणि देवळाच्या सभामंडपाचं काम अर्धवट राहिल्यानं सदा चिंतेत. कार्यक्रम त्याच अर्धवट सभामंडपात घ्यायचा, असं त्यांनी परस्पर जाहीर केलं.

शनिवारी सकाळी वृषालीनं सुनीलला रस्त्यावर नेऊन फ्लेक्स दाखवला, तेव्हा त्याचे डोळे पांढरे झाले. चौकात दोन मजली सुनील! काळा कोट, गळ्याला पांढरी पट्टी, आणि वर मोठ्या अक्षरात 'ॲडव्होकेट'. फ्लेक्सवाल्यानं मुंडकं सुनीलचं घेतलं होतं आणि धड कुठल्या तरी सडपातळ नटाचं. खाली शुभेच्छुकांचे एवढे फोटो की त्यात आबांचाही होता, आबांना न विचारता. अजून कॉलेजात पाऊल नाही, फी नाही, आणि ॲडव्होकेट! दुपारपर्यंत लोक वाटेत अडवून बांधाची भांडणं सांगायला लागले. एकानं तर शेजाऱ्याला दमच दिला की आमचा वकील बघ केवढाय. आणि फ्लेक्सचं बिल? ते घरपोच आलं, सुनीलच्या नावावर.

"अजून काय काय व्हणारे?" वृषालीनं बिल बघून एवढंच विचारलं.

सुनीलनं तिला समजावलं की उद्या पाकिटं येणार आहेत. तिनं आपल्या भिशीचे पैसे काढून आणले होते. सुनीलनं आपल्या चार स्पीकरपैकी दोन मोठे विकले होते, आणि विकताना कोपऱ्यात जाऊन डोळे पुसले होते. दोन्ही मिळून एकवीस हजार झाले. ते वृषालीनं एका पाकिटात घातले, वर सवयीनं एक रुपयाचं नाणं चिकटवलं आणि सुनीलच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवून वरून सेफ्टी पिन लावली. उरलेलं सत्कारातून निघेल. सोमवारी पहाटे पुण्याची एसटी.

रविवारी मंडप गच्च भरला. आणि तेव्हा ध्यानात आलं की निवेदक कोण?

पंचक्रोशीत निवेदक एकच, आणि तो तर सत्कारमूर्ती. गेणभाऊंनी सुनीलच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, भायेरचा आणायचा तर त्याला पाकीट द्यावं लागंल राव, तू तर घरचाच. अशा रीतीनं सुनील कानडे स्वतःच्या सत्काराला स्वतः निवेदक म्हणून उभा राहिला.

आता ते दृश्य डोळ्यांपुढं आणा. माईकवर उभा राहून सुनील म्हणतोय, आजचे सत्कारमूर्ती, कळंबचं भूषण, विद्येचे उपासक सुनील चिमाजी कानडे यांना विनंती करतो की त्यांनी स्थानापन्न व्हावं. मग माईक स्टँडला लावून लगबगीनं जाऊन खुर्चीत बसतोय. बसला की कळतंय, पुढचं सांगायला कुणी नाही, की पुन्हा उठून माईककडे. तिथून शेठना बोलावतोय, परत खुर्चीत जाऊन शाल पांघरून घेतोय, आणि शाल अंगावर असतानाच धावत माईकवर येऊन शेठचे आभार मानतोय. एकदा तर त्यानं स्वतःलाच 'कृपया जागेवरून हलू नये' अशी सूचना दिली. बायकांच्या बाजूला हसून हसून लोळण. फक्त वृषाली गंभीर होती. तिचं लक्ष पाकिटांकडे होतं.

पाकिटं आलीच नाहीत. आल्या त्या शाली. शेठच्या दुकानात आदल्या दिवशी झुंबड उडाली होती. शाल, फेटा, नारळ, शाल, फेटा, नारळ. एक शाल सुनीलनं ओळखली. तिला कोपऱ्यात हळदीचा डाग होता आणि ती त्यानंच मागच्या वर्षी गेणभाऊंच्या एकसष्टीला दिली होती. ती पुन्हा अंगावर पडली तेव्हा सुनीलनं तो डाग हळूच आत दुमडून घेतला. सगळे सत्कार झाले आणि सुनील कपड्यांत बुडून गेला, वर फेटा, मांडीवर नारळांची रास, पण फीच्या नावानं पूज्य.

इथपर्यंत झालं तेही पचलं असतं. पुढं जे झालं त्याला मात्र तोड नाही.

गेणभाऊ भाषणाला उठले. आपला सुनील वकील होणार, गावाचं नाव काढणार, असं म्हणत म्हणत ते सभामंडपावर आले. हा बघा अर्धवट खांब, हा बघा उघडा स्लॅब, म्हणाले आणि खाली बसले. टाळ्या झाल्या. टाळ्यांनंतर एक शांतता असते. ती शांतता सुनीलच्या ओळखीची होती. आजवर शेकडो कार्यक्रमांत नेमक्या त्याच शांततेत तो माईकवर यायचा, समोरच्या पाहुण्याला न विचारता त्याच्या नावावर देणगीचा आकडा पुकारायचा आणि टाळ्या घ्यायचा. पाहुणा मग हो म्हणतोच, हजार माणसांसमोर नाही म्हणायची टाप कुणाची? ही त्याची खासियत होती. आणि आकडा पुकारला की शेवटी 'रोख' म्हणायचं, कारण उधारीच्या देणग्या पुढं वसूल होत नाहीत, हेही तो अनुभवानं शिकला होता.

सुनील उठला. माईकपाशी गेला. डोकं कुठं होतं देव जाणे, पण जिभेला वाट पाठ होती.

"आजचे सत्कारमूर्ती सुनील चिमाजी कानडे यांच्याकडून मारुतीरायाच्या सभामंडपासाठी एकवीस हजार एक रुपये. रोख. जोरदार टाळ्या."

जोरदार टाळ्या झाल्या. सुनीलही टाळ्या वाजवत होता. वाजवता वाजवता त्याला वाटलं, हे नाव आपण कुठं तरी ऐकलंय.

मग त्याचे हात हवेतच थांबले. तोंडाचा आ झाला. खालची जमीन सरकते म्हणतात ती खरंच सरकली, निदान त्याला तरी तसंच वाटलं. एवढ्यात गेणभाऊ पुढं येऊन हात पसरून उभे राहिले. काय करणार? दिलेली देणगी मागं घेणाऱ्यांची नावं दर सप्ताहाला माईकवर वाचून दाखवणारा माणूस तोच होता. त्यानं सेफ्टी पिन काढली. ती बोटाला टोचली, तेही कळलं नाही. पाकीट गेणभाऊंच्या हातात गेलं आणि त्याबरोबर सोमवारची एसटी गेली, कॉलेज गेलं, काळा कोट गेला. विकलेले दोन स्पीकर तर आधीच गेले होते. सुनील शालींच्या ढिगात मटकन बसला. रडू येत होतं, पण सत्कारमूर्तीनं रडावं तरी कसं.

बायकांच्या बाजूनं वृषाली उठली.

सगळ्यांना वाटलं, आता ती सुनीलला सगळ्यांसमोर झाडणार. सुनीलनं तर मानच खाली घातली, फेटा डोळ्यांवर आला. वृषाली स्टेजवर चढली, पदर खोचला आणि माईक स्टँडवरून काढून हातात घेतला. तिनं जन्मात माईक धरला नव्हता. पण वीस वर्षं रोज जेवताना ती ऐकत आली होती की कुणाच्या नावावर किती पुकारले, तो कसा फसला आणि टाळ्या कधी घ्यायच्या.

"आपल्या देवस्थानचे अध्यक्ष गेणभाऊ," ती म्हणाली, आणि आवाज असा खणखणीत निघाला की मागची पोरंसुद्धा गप्प झाली, "यांच्याकडून आमच्या मालकांच्या वकिलीच्या शिक्षणासाठी एकवीस हजार एक रुपये. रोख. टाळ्या."

बायकांची बाजू पेटली. असल्या टाळ्या त्या मंडपानं ऐकल्या नव्हत्या. गेणभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी खिसे चाचपले. सत्काराला कोण पैसे घेऊन येतं? हातात पैसे होते ते एवढेच, सुनीलचं पाकीट. आणि समोर सगळा गाव टाळ्या वाजवत उभा. त्यांनी एकदा मारुतीकडे बघितलं, एकदा वृषालीकडे, आणि पाकीट तिच्या हातात ठेवलं. नाणं अजून चिकटलेलंच होतं. सभामंडपाचे एकवीस हजार एक आता गेणभाऊंच्या अंगावर, आणि सुनीलचे सुनीलकडे.

वृषाली थांबली नाही. तिनं रमणलाल शेठकडे बघितलं. शेठ पिढीजात व्यापारी, त्यांना पुढचं दिसलं. तिनं तोंड उघडायच्या आत ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "वृषालीताई, आज जेवढ्या शाली खपल्या तेवढ्यांचा सगळा नफा सुनीलला. आकडा तुम्ही पुकारू नका, मीच सांगतो."

मग काय, तिची नजर जिकडं वळेल तिकडचा माणूस आपणहून हात वर करायला लागला. आपण बोललो तर थोडक्यात सुटू, तिनं पुकारलं तर काही खरं नाही, हे अख्ख्या मंडपाला कळून चुकलं होतं. चिमाजीआबांनी धोतराच्या कनवटीला बांधलेली नोट काढून दिली आणि शेजाऱ्याला म्हणाले, पोरगं गणितात कच्चं हाय, पर सून न्हाई.

सुनील हे सगळं शालींच्या आडून बघत होता. आपण ही एवढी वर्षं कुणाबरोबर संसार केला, या विचारानं तो जागचा हलला नाही. आनंद झाला होता, छातीत मावत नव्हता इतका. पण खरं सांगायचं तर मनही दुखावलं होतं. कारण कार्यक्रम संपल्या संपल्या दोन माणसं पुढच्या लग्नांच्या तारखा घेऊन आली आणि सुनीलला ओलांडून वृषालीकडे गेली. तिनं तारखा दिल्या, आणि मानधन आधी, शाल चालणार नाही, असं सांगितलं. लोकांनी मान डोलावली. सुनीलला वीस वर्षांत हे एक वाक्य म्हणायची हिंमत झाली नव्हती.

सोमवारी पहाटे ती त्याला कळंबच्या स्टँडवर सोडायला आली. पाकीट पुन्हा आतल्या खिशात, पिन लावलेली. तीन वर्षं तो शिकणार आणि माईक ती धरणार, हे कुणी ठरवलं नाही, ते आपोआप ठरलं होतं. उरलेल्या दोन स्पीकरांवर आपलं नाव रंगवून द्यायलाही तिनं सांगून ठेवलं होतं. एसटी आली. सुनील चढला, खिडकीशी बसला आणि आता काहीतरी गोड बोलावं म्हणून बाहेर वाकला.

"अगं, काळजी करू नको. मी आपला जमंल तसा अभ्यास करीन."

"करा की," वृषाली म्हणाली. "निकाल काय लागायचा तो लागू द्या. पर जो लागंल तो मी माईकवर वाचून दाखवणारे."

एसटी हलली. मंचर यायच्या आत सुनीलनं पिशवीतून पुस्तक काढलं होतं.